नव्याण्णवचं कुलूप

मंगळवारी सकाळी मामा प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीत तीन नावं होती आणि खाली लिहिलं होतं, 'वापर तक्ता, गुरुवारपर्यंत.' मामा म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे शिपाई. अख्खं कॉलेज त्यांना मामा म्हणतं, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले प्राचार्यसुद्धा. चिठ्ठी टेबलावर ठेवून मामा म्हणाले, घाईचं आहे म्हणे. मी म्हटलं, माझ्याकडे बिनघाईचं काम कधी आलं होतं ते आठवून सांगा, आज तेच करत बसते.

एकोणतीस वर्षं मी या कॉलेजची ग्रंथपाल आहे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं आहे. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं वाचणारी सुखी बाई. अथपासून इतिपर्यंत पुस्तक मी शेवटचं कधी वाचलं, ते मला खरंच आठवत नाही. शिक्षकांना वर्गात द्यायला वाचनाच्या याद्या मी करून द्यायच्या आणि त्यांनी त्या आपल्या म्हणून वाटायच्या. मुलांना संदर्भ कसे शोधायचे ते शिकवायचं. दर सत्रात शिक्षकांसाठी दोन तासांचं प्रशिक्षण घ्यायचं. तिथे ते प्रमाणपत्रासाठी येतात आणि चहा झाला की निम्मे पसार होतात. या सगळ्यावर कळस म्हणजे गेली नऊ वर्षं आमचं भांडार. भांडार म्हणजे कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध आणि लेख ठेवायची ऑनलाइन जागा. कुठूनही कोणीही यावं, उघडावं आणि फुकट वाचावं. ते उभं करताना माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. प्राचार्य पाहुण्यांना ते 'आपलं भांडार' म्हणून दाखवतात. बंद पडलं की ते 'मॅडमचं भांडार' होतं.

त्या भांडारात कोणाचं लिखाण किती जणांनी उघडलं, याचा कागद म्हणजे वापर तक्ता. शुक्रवारी समिती बसणार होती. तिघं तात्पुरते शिक्षक होते आणि कायम करायची जागा एकच. उरलेल्या दोघांचं काम सत्राबरोबर संपणार होतं. तिघांचं शिकवणं समितीने पाहिलं होतं आणि ते जवळजवळ सारखंच भरलं होतं. आता ज्याचं संशोधन जास्त वाचलं जातं त्याचं पारडं जड होणार होतं, आणि ते कोणाचं, हे सांगायचं काम माझं होतं.

पहिलं नाव गणिताच्या सरांचं, दुसरं भाषेच्या मॅडमचं आणि तिसरं सबुरी मॅडमचं.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. ती शिक्षणशास्त्र शिकवते. वय पस्तीसच्या आसपास. एकेक शब्द हातात घेऊन पाहावा तशी सावकाश बोलते. लहानपणी फार अडखळायची. ते गेलं, पण सावकाशपणा राहिला. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ती थांबते. सगळा वर्ग चुळबुळायला लागला तरी थांबते. तिचा प्रबंधही त्यावरच आहे, बोलताना अडणाऱ्या मुलांना वर्गात वाचतं कसं करावं यावर. प्रबंध जमा करायला आली तेव्हा मी विचारलं होतं, तीनशे पानांत शेवटी सांगितलंय काय? ती म्हणाली, मूल अडलं तर त्याच्या तोंडातला शब्द आपण पुरवायचा नाही. थांबायचं. मला हसू आलं. माझं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडातला शब्द पुरवण्यात गेलं. 'मॅडम, ते निळ्या कव्हरचं...' एवढं कोणी म्हणतो तोच मी पुस्तकाचं नाव आणि कपाटाचा नंबर सांगून मोकळी होते. तिचीही कित्येक वाक्यं मीच पुरी केली होती. ती नुसती हसायची.

मी तक्ता काढला. गणिताचे सर, सहाशे बारा. भाषेच्या मॅडम, नऊशे चार. सबुरी मॅडम, शून्य.

आधी वाईट वाटलं. मग मी चष्मा पुसला आणि मला संशय आला. भांडारात शून्य कधी नसतं. प्रबंध कितीही टुकार असू दे, इंटरनेटवर अष्टौप्रहर भटकणारी शोधयंत्रं तरी त्याला हात लावून जातात. आमच्याकडे एक जुना प्रबंध आहे, जो त्याच्या मार्गदर्शकानेही वाचला नसावा. त्यालासुद्धा एकशे सत्तर आहेत. शून्य म्हणजे लोकांना नको असलेलं लिखाण नव्हे. शून्य म्हणजे दाराला कुलूप. हे आमच्या धंद्याबाहेर कोणाला कळणार नाही, पण मला कळायला हवं होतं.

मी तिच्या प्रबंधाची नोंद उघडली. खुला होण्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०९९.

ही तारीख माझीच. काही जण प्रबंध देताना सांगतात, यातून लेख छापायचे आहेत, तोवर वर्षभर बंद ठेवा. तारीख नक्की नसते आणि भांडाराला तारखेशिवाय चालत नाही, चौकट रिकामी ठेवली की लाल होते. म्हणून मी पहिल्याच वर्षी युक्ती काढली होती. तारीख ठाऊक नसेल तर नव्याण्णव साल टाकायचं आणि लगेच ते नाव लाल वहीत लिहायचं. दर जानेवारीत वही काढून एकेकाला विचारायचं आणि खरी तारीख घालायची. आमच्यात त्याला 'नव्याण्णव टाकणं' म्हणतात. ही युक्ती मी बाहेरच्या तीन प्रशिक्षणांत इतर ग्रंथपालांनाही शिकवली आहे, तेही ऐटीत.

वहीत तिचं नाव नव्हतं.

तो दिवस मला लख्ख आठवला. साडेचार वर्षांपूर्वीचा, दुपारी तीनचा सुमार. मी नव्याण्णव टाकलं आणि वही घ्यायला खण उघडला, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. म्हणाल्या, तुमचे बाबा घरात नाहीत, दार सताड उघडं आहे. मी खण तसाच उघडा टाकून धावले. बाबा तीन तासांनी सापडले, बंद पडलेल्या एका छापखान्याच्या पायरीवर, कामाला उशीर झाला म्हणून कावरेबावरे होऊन बसलेले. ते तिथे मुद्रितं तपासायचे, चाळीस वर्षं. पुढचे नऊ दिवस मी रजेवर होते. परत आले तेव्हा मामांनी खण लावून ठेवला होता आणि टेबल पुसून लख्ख केलं होतं.

त्यानंतर कोणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही नव्हतंच. लेखिका आपल्या खात्यातून आत गेली की तिला तिचा प्रबंध उघडतोच. कुलूप फक्त बाहेरच्यांना. आणि कॉलेजातल्या लोकांनी एकमेकांचे प्रबंध वाचायची पद्धत आमच्याकडे नाही.

मी तारीख बदलली. चार सेकंद लागले.

मग मला ते प्रशिक्षण आठवलं. माझ्या प्रशिक्षणाला शेवटपर्यंत बसणारी ती एकटी. 'आपलं संशोधन वाचकांपर्यंत कसं पोचवावं' असा विषय होता. सगळे उठून गेल्यावर तिने विचारलं होतं, मॅडम, कोणीच उघडलं नाही तर काय समजायचं? मी पिशवी आवरत होते. बाबांच्या औषधाची वेळ झाली होती. मी म्हटलं, विषय जरा अरुंद असेल, सारांश बदलून पाहा, लोक शोधतात ते शब्द घाला. तिने सारांश बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, तिने पुन्हा बदलला. त्यानंतर तिने विचारलं नाही. नवीन काही लिहून आणून दिलंही नाही. मी मनात म्हटलं होतं, हीसुद्धा थकली. स्वतःच बाहेरून कुलूप घालून मी तिला आत बसवून सल्ले देत होते.

जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडला नाही. कुठेतरी आणखी काहीतरी राहिलं आहे असं सारखं वाटत होतं आणि दोनच्या सुमाराला ते सापडलं. बंद प्रबंधाच्या पानावर एक बटण असतं, 'प्रत मागा.' वाचकाने ते दाबून दोन ओळी लिहिल्या की पत्र ग्रंथालयाला येतं. पण कुठे येतं? माझ्या ईमेलच्या पेटीत तर असं एकही पत्र आलं नव्हतं. शोधता शोधता कळलं, की तो पत्ता आमच्या आधीच्या सहायक मुलीने काढला होता. ती सहा वर्षांपूर्वी दुसरीकडे नोकरीला गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही, तिचं काम माझ्यात मिसळलं, पण ही पेटी तिने मला कधी सांगितली नाही आणि मी कधी विचारली नाही. पासवर्ड लाल वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलेला होता, तिच्या बारीक अक्षरात.

पेटी उघडली. एकशे एकाहत्तर न वाचलेली पत्रं. त्यातली एकशे अठरा सबुरी मॅडमच्या प्रबंधासाठी.

मी मामांना म्हटलं, मला कोणी विचारलं तर मी नाही. मामा दारातल्या स्टुलावर जाऊन बसले.

पत्रं शाळांतल्या शिक्षकांची होती, विद्यार्थ्यांची होती, वाचा सुधारण्याचं काम करणाऱ्यांची होती. काहींनी आपल्या मुलांसाठी मागितलं होतं. एका बापाने फक्त एवढंच लिहिलं होतं, 'माझा मुलगा सात वर्षांचा आहे. कृपया.' आणि एका प्राथमिक शिक्षिकेची तीन पत्रं होती.

पहिलं चार वर्षांपूर्वीचं. 'माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. बोलताना अडते. वाचायची पाळी आली की मुद्दाम पेन्सिल खाली पाडते आणि बाकाखाली शोधत बसते. तुमच्या प्रबंधाचा सारांश वाचला. पूर्ण प्रत मिळाली तर फार बरं होईल.' दुसरं त्यानंतर सात महिन्यांनी. 'मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. पत्ता चुकला असेल. ती मुलगी आता वाचनाच्या तासाला गैरहजर राहते. जमलं तर लवकर पाठवावं.' तिसरं आणखी सात महिन्यांनी. 'ती मुलगी शाळा सोडून गेली. आता प्रतीची घाई नाही. पण पुढे अशी कोणी आली तर हाताशी असावी, म्हणून मागते आहे.'

मला रडू आलं नाही. या वयात आणि या नोकरीत रडू पटकन येत नाही. मी ती तिन्ही पत्रं छापून घेतली, मग उरलेली एकशे पंधरा छापली, आणि छपाईयंत्र कुरकुरत होतं तोवर खिडकीशी उभी राहिले. मला फार लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, मला प्यायला लावलं, मग दार लोटून घेतलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात मूल्यांकनाची मंडळी येणार आहेत आणि आपण त्यांना दाखवणार काय, तर भांडार. चार वर्षं वाचकांची पत्रं कोणी उघडली नाहीत, हे कागदावर आलं तर त्यांच्या आधी आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ. त्यांनी तोडगाही लगेच काढला.

"तिच्या नावापुढे लिहा, तांत्रिक कारणामुळे आकडे उपलब्ध नाहीत. खोटं नाही ते. आणि तुमचं सव्वा वर्ष राहिलंय, शांतपणे जाऊ द्या ना."

मी विचार करते म्हटलं. आणि खरं सांगते, केला. जिना उतरताना मला ते चांगलंच पटत होतं. तारीख बदललीच आहे. आजपासून तिचा प्रबंध सगळ्यांना उघडेल. पत्रांची पेटी पुसून टाकली तर जगात कोणाला पत्ता लागणार नाही. माझं निवृत्तिवेतन, माझा निरोपसमारंभ, प्राचार्यांचं ते नेहमीचं भाषण, सगळं जागच्या जागी राहील. मी थकले होते. थकलेल्या माणसाला सोपं ते खरं वाटायला लागतं. पण 'आकडे उपलब्ध नाहीत' या तीन शब्दांवर ती जागा जाणार, हेही मला दिसत होतं. नऊशे चारच्या शेजारी रिकाम्या चौकटीकडे कोण पाहतो?

संध्याकाळी घरी आले. बाबांचं जेवण झालं होतं आणि त्यांना ते आठवत नव्हतं. दादाचा फोन येऊन गेला होता. तो दूर राहतो आणि आठवड्यातून एकदा उंटावरून शेळ्या हाकतो. यावेळी बाबांना आवळ्याचा रस द्यायला सांगितलं होतं. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. काय वाचलं ते त्यांना सांगता येत नाही, पण हातात पेन्सिल असते आणि छपाईची चूक दिसली की अजून समासात खूण होते. तेवढं एक त्यांच्यातलं कोणाला नेता आलेलं नाही.

मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, बाबा, पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर तुम्ही काय करायचात?

"शुद्धिपत्र," ते लगेच म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पहिल्या पानाला चिकटवायचं. मालक सांगायचा, शेवटी लावा, कोणाला दिसत नाही. मी ऐकायचो नाही. दिसायलाच तर लावायचं."

मग त्यांनी विचारलं, तू कोणाकडे आली आहेस? मी म्हटलं, तुमच्याकडेच. बरं झालं, म्हणाले, आणि पेपरात डोकं घातलं. तो दिवस, ती पायरी, तो उघडा खण, यातलं मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा त्यात काय दोष? आणि मी जे लिहायला बसणार होते त्यातही त्यांचं नाव घालायचं नाही असं ठरवलं. वडील हरवले होते म्हणून चूक झाली, असं लिहिलं की वाचणारा चूक सोडून वडिलांकडे बघायला लागतो.

गुरुवारी आठ वाजता कॉलेजात पोचले. तक्त्याच्या आधी, पहिल्या पानावर, शुद्धिपत्र लावलं. शून्य हा आकडा वाचकांचा नाही, ग्रंथपालाच्या चुकीचा आहे. वहीत नोंद करायची राहिली आणि प्रबंध साडेचार वर्षं माझ्या हातून बंद राहिला. या काळात प्रत मागणारी एकशे अठरा पत्रं आली आणि त्यांतल्या एकालाही उत्तर गेलं नाही. पत्रं सोबत जोडली आहेत. खाली सही केली. तो गठ्ठा मामांकडे दिला आणि प्राचार्यांच्या हातात द्या म्हटलं, टेबलावर ठेवू नका. मामांनी पहिलं पान वाचलं. त्यांना वाचायला मनाई करावी असं मला सुचलं नाही. म्हणाले, बाई, त्या वेळी वहीचा खण मी लावला होता. मी म्हटलं, मामा, खण लावणं हे तुमचं काम होतं. वहीत लिहिणं माझं होतं.

सबुरी मॅडमला मी निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. शिक्षकखोलीत ती एकटी पेपर तपासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. नव्याण्णव, वही, पेटी, पत्रं. मी तिला दिलेल्या सल्ल्यांचंही बोलले. पत्रांची दुसरी प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने वरचं पत्र वाचलं. मग दुसरं. मग गठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपली.

"कि... कि... कि..." ती म्हणाली.

अकरा वर्षं मी तिला ओळखते, अडताना कधी ऐकली नव्हती. तिचे ओठ ताणले गेले, मान एका बाजूला गेली, आणि मी, मूर्ख बाई, घाईने म्हणाले, "एकशे अठरा."

तिने डोळे मिटले. खूप वेळाने उघडले आणि एकेक शब्द ठेवत म्हणाली, "किती वर्षं मला वाटत होतं, मी वाईट लिहिते. असं म्हणायचं होतं मला."

ती गठ्ठा उराशी धरून निघून गेली. पेपर टेबलावर तसेच राहिले. ते मी गोळा करून तिच्या खणात ठेवले आणि खण लावला.

शुक्रवारी समिती बसली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दीड तास झाला तरी आत बोलावणं नव्हतं, मग एकदम बोलावलं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी शुद्धिपत्र हातात धरून मला दोनच प्रश्न विचारले. सही तुमची का? आणि हे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला कोणाच्याच नाही. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. जागा सबुरी मॅडमला मिळाली होती. त्याच दिवशी मला ज्ञापन, म्हणजे लेखी समज, मिळालं, माझ्या कारकिर्दीतलं पहिलं, आणि भांडाराची जबाबदारी माझ्याकडून काढून घेतल्याचं त्यात लिहिलं होतं. कोणाकडे दिली ते लिहिलं नव्हतं, कारण घ्यायला कोणी नव्हतं. भाषेच्या मॅडमनी जिन्यात माझ्याशी बोलणं टाळलं. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

सबुरी मॅडम आली नाही. आभार मानायला यावं असं काही नव्हतंच. भांडायला येईल म्हणून मी रोज वाट पाहत होते. आठ दिवस गेले. प्रशिक्षणाची तारीख आली आणि गेली. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती. मी त्या दोन तासांत शिक्षकांना नव्याण्णवची गोष्ट सांगितली, नावं न घेता, माझं सोडून. चहानंतर कोणी पसार झालं नाही. प्रमाणपत्रं वाटायची मीच विसरले.

नवव्या दिवशी दुपारी ती आली. वाचनकक्षात कोणी नव्हतं. परीक्षा जवळ आल्या की मुलं घरी वाचतात, निदान तसं सांगतात. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण होती. एकशे पंधरा जणांना तिने उत्तरं पाठवली होती, प्रबंधाची प्रत जोडून, प्रत्येकाला वेगळं पत्र. त्या बापाच्या मुलाला आता अकरावं वर्ष लागलं आहे, असंही तिने सांगितलं. त्याचं उत्तर आलं होतं.

मग तिने तीन कागद बाजूला काढले.

"यांना मी लिहिलं नाही," ती म्हणाली. "हे तुम्ही लिहा."

मी म्हटलं, प्रबंध तुमचा आहे, मी काय लिहू? ती म्हणाली, पत्र ग्रंथालयाला आलं होतं. मी कोरा कागद घेतला आणि 'आदरणीय बाई' एवढं लिहून थांबले. नऊ दिवस मी हे पत्र मनात लिहीत होते. तरी एक ओळ धड होत नव्हती. क्षमा मागावी तर कोणाची? त्या मुलीचं नावही कोणी लिहिलं नव्हतं.

तिने तिसरा कागद माझ्याकडे सरकवला.

"आधी वाचा. मोठ्याने."

एकोणतीस वर्षं मी या खोलीत लोकांना हळू बोला म्हणून सांगत आले आहे. दारात मामा स्टुलावर बसले होते. मी चष्मा नीट केला आणि वाचायला लागले. 'ती मुलगी शाळा' एवढं झालं आणि आवाज तिथेच राहिला. पुढचा शब्द समोर छापलेला होता. मी ओठ हलवले, श्वास घेतला, पुन्हा 'शाळा' म्हणाले आणि पुन्हा तिथेच अडले. मामा उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे न बघता हातानेच त्यांना थांबवलं.

तिला ती ओळ पाठ असणार. दोनच शब्द राहिले होते, आणि ते म्हणून टाकले असते तर मी त्या क्षणी तिचे पाय धरले असते. तिने ते म्हटले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं नाही, मानही फिरवली नाही. हात टेबलावर ठेवून ती माझ्याकडे बघत शांत थांबून राहिली, जितका वेळ लागेल तितका, आणि ते दोन शब्द शेवटी मला माझ्याच तोंडाने म्हणावे लागले.